सुनीताच्या कॉलेजातला एकच मायक्रोस्कोप

मंडळी, सकाळपासून मनात घोळतंय, सांगूनच टाकते.

अक्कलकुव्यातल्या आमच्या मेडिकलवर एक आजोबा शुगरच्या गोळ्या घ्यायला आले. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक, असं मी पाकिटावर खुणा करून समजावलं. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, झालं काम.

महिन्यापूर्वीच कामाला लागलेल्या सुनीतानं त्यांना थांबवलं. "बाबा, आते तुम्ही माले सांगा, गोळ्या कश्या लेशात?"

"तिन्ही सकायमाच खाई लिसू. मंग दिनभर वावरमा मोकळा."

तिन्ही गोळ्या सकाळी एकदमच! सुनीतानं न हसता पुन्हा समजावलं, पुन्हा विचारलं. आजोबांनी बरोबर सांगितल्यावरच पिशवी हातात दिली.

"हे कुठं शिकलीस गं?"

"ताई, आमच्या सरकारी फार्मसी कॉलेजात एकच मायक्रोस्कोप चालू होता. जिनं पाहिलं तिनं शेजारणीला समजवायचं. सर मात्र शेजारणीलाच विचारायचे. तिला सांगता आलं नाही, तर बोलणी मला."

माझं कॉलेज खाजगी. प्रत्येकीला स्वतःचा मायक्रोस्कोप. पप्पांनी त्यासाठीच तर तिथं घातलं होतं, आणि तिथल्या सरांनी शिकवलंही मनापासून. फक्त शेजारणीला काय कळलं, हे विचारायची वेळ चार वर्षांत कधी आली नाही.

दुपारपासून मीही प्रत्येकाला विचारत सुटले. एक मावशी वैतागून म्हणाल्या, "मन्ही परीक्षा लेस का वं?"

नाही मावशी, माझीच चाललीय.

तुमच्या कॉलेजात काय कमी होतं, जे आज तुमच्या कामी येतंय?