आण्णांच्या जीपचा हॉर्न

"मिस्त्री, ही वायरिंग तुमी केली का माझ्या विरोधकानं?"

दुकानाची पायरी चढायच्या आधीच आण्णांनी विचारलं. मागं त्यांचा ड्रायव्हर धोंडीबा मान खाली घालून उभा. आणीबाणीच्या आधीची ही गोष्ट. सोलापुरात होटगी रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. आण्णा अकलूजकडचे ऊसवाले बागायतदार. साखर कारखान्याच्या निवडणुकीत डायरेक्टरच्या जागेला उभे होते.

गाडी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली मिलिटरी जीप, लिलावात घेतलेली. तिची सगळी वायरिंग सहा व्होल्टची. आण्णांना प्रचाराला लाउडस्पीकर हवा होता आणि त्याचा अ‍ॅम्प्लिफायर चाले बारा व्होल्टवर. म्हणून जीपच बारा व्होल्टची करायची ठरली. लोकांना वाटतं, मोठी बॅटरी ठेवली की झालं काम. तसं केलं तर लाइट लावल्याबरोबर सगळे बल्ब उडतात. मी डायनामो बदलला, बल्ब बदलले, हॉर्न ट्रकचा घातला. जुन्या वायरींवरचं कापडी वेष्टण हात लावला की गळून पडायचं, म्हणून वायरीही नव्या ओढल्या. स्टार्टर तेवढा जुनाच ठेवला. तो घटकाभरच फिरतो, सोसतो. कामावर मी खूश होतो. खोटं कशाला बोलू, शेजारच्या दुकानदारांना बोलावून दाखवलंही.

आणि शनिवारी बाजाराच्या गावात आण्णांची सभा झाली. आण्णा जीपमध्येच उभे राहून बोलत होते. बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू. "मी निवडून आलो तर," आण्णा म्हणाले आणि हॉर्न वाजला. कुणी हात लावला नव्हता. आण्णा परत तेच म्हणाले, हॉर्न परत वाजला. मागून एक म्हातारा म्हणाला, "गाडीला बी पटंना की." अख्खा बाजार हसला.

"पुढच्या शनवारी शेवटची सभा हाय," आण्णा मला म्हणाले. "तवा ह्यो वाजला तर मी पडलोच म्हना. आन् मी पडलो, तर आमच्याकडची एक बी गाडी तुमच्या दुकानाला लागू देनार न्हाय."

"आण्णा, गाडीला साडेसाती असंल," धोंडीबा हळूच म्हणाला.

आण्णा असे भडकले की विचारू नका. ते स्वतःला सुधारक म्हणवत. निम्मं भाषण अंधश्रद्धेवर असायचं. जीपला बांधलेलं लिंबू-मिरची त्यांनी स्वतःच्या हातानं तोडून फेकलं होतं. धोंडीबाला त्यांनी माझ्यादेखत झाडला आणि जीप माझ्याकडे सोडून गेले.

या जीपमध्ये हॉर्नपर्यंत करंट कायम येऊन थांबलेला असतो. हॉर्नच्या दुसऱ्या स्क्रूची वायर स्टिअरिंगवरच्या बटणाकडे जाते. बटण दाबलं की ती वायर गाडीच्या पत्र्याला जोडली जाते आणि हॉर्न वाजतो. म्हणजे ती वायर कुठंतरी सोलून पत्र्याला लागत असणार. मी बटण खोललं, वायर परत नवी टाकली, जीप खड्ड्याखड्ड्यांतून हिंडवली. हॉर्न गप्प. इंजिन चालू ठेवून समोर स्टूल टाकून बसलो. गप्प. "वाज की रे बाबा आता," मी त्याला हात जोडले. डॉक्टरपुढं बसलं की पेशंटचा खोकला थांबतो, त्यातला प्रकार.

शनिवारी सकाळी धोंडीबा जीप घेऊन गेला आणि मागोमाग मी स्वतः सभेला गेलो. मागच्यापेक्षा दुप्पट गर्दी. सगळे हॉर्न ऐकायला आलेले, हे कुणीही सांगितलं असतं. आण्णांनी सुरुवात केली. "शेतकऱ्यानं आता विज्ञानाची कास धरली पायजे," म्हणाले आणि हॉर्ननं भोकाड पसरलं.

मी धावत पुढं गेलो, तर धोंडीबा बॉनेटवर बसलेला.

"ऊठ."

"बॉनेट लई तापलंय, मिस्त्री. हात भाजंल."

"तुझं बूड भाजत नाही आणि माझा हात भाजेल होय? ऊठ."

बॉनेट उचललं. जाळीच्या मागं, मी घातलेल्या हॉर्नच्या त्याच स्क्रूला लोखंडी तार अडकवली होती. तारेत लिंबू, मिरच्या, बिब्बा. सकाळचंच ताजं. इंजिनच्या थरथरीनं लिंबू हलायचं, तारेचं टोक पत्र्याला टेकायचं, की हॉर्न. बटण जे काम करतं ते काम लिंबू करत होतं.

"आण्णांनी फेकलं म्हनून आत बांधलं," धोंडीबा पुटपुटला. "दुकानात येताना काडून ठेवायचो. तुमी बॉनेट उगडता नव्हं." मग त्यानं माझा हात धरला. "सांगू नका, मिस्त्री. कामावरनं काडतील. त्यांच्या भल्यासाटीच केलं की ओ."

त्याच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं. पण त्याचे डोळे भरून आले होते. मी तार सोडवली आणि सगळा ऐवज पँटच्या खिशात कोंबला.

"काय घावलं, मिस्त्री?" आण्णांनी माइकवरूनच विचारलं. सगळा बाजार माझ्याकडं बघत होता.

"लूज कनेक्शन."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हॉर्न काही पुन्हा वाजला नाही. मग आण्णा जे बोलायला लागले ते थांबेचनात. आता काही वाजत नाही म्हटल्यावर लोक एकेक करून भाजी घ्यायला निघून गेले. शेवटी मी, धोंडीबा आणि एक भेळवाला एवढेच उरलो. खिशातल्या बिब्ब्याचं तेल लागून माझ्या मांडीला फोड आले ते वेगळंच. कितीतरी दिवस लंगडत होतो.

आण्णा पडले. थोडक्यात पडले, पण पडलेच. अकलूजकडची गिऱ्हाइकं गेली असं मी धरून चाललो.

पुढं काही दिवसांनी तीच जीप दुकानासमोर उभी राहिली. पुढच्या बंपरला, चारचौघांत दिसेल असं, टपोरं लिंबू आणि मिरच्या. धोंडीबा स्टिअरिंगवर ताठ बसलेला. निकालाच्या दिवशी त्यानंच आण्णांना सगळं सांगून टाकलं होतं. लिंबू होतं तेव्हा सभेला माणूस मावत नव्हता, मिस्त्रीनं काढलं आणि आपण पडलो, असा त्याचा हिशेब.

मी लिंबाकडे बघतोय हे आण्णांनी बघितलं. खाली उतरले आणि भलतीकडंच तोंड करून म्हणाले, "तारंनं न्हाय, सुती दोऱ्यानं बांधलंय. मी सोता."

तेव्हापासून कुणाचीही गाडी आली की टेस्टलॅम्प हातात घ्यायच्या आधी मी ड्रायव्हरला बाजूला घेतो आणि विचारतो, लिंबू कुठं बांधतोस.