नॉर्वेची रंगीत तालीम

नॉर्वेची थंडी मला पहिल्यांदा बाधली ती कुर्ल्यात.

आम्ही तेव्हा मुलुंडला राहायचो. मी, बायको नंदा आणि गावाहून येऊन राहिलेल्या सासूबाई. नंदाचा भाऊ सुधीर नोकरीसाठी नॉर्वेला गेला तो तिकडचाच झाला. त्याला मुलगी झाली तेव्हा त्याने आम्हा तिघांची तिकिटंच पाठवून दिली. फोनवर म्हणाला, "गणपती झाले की या. सप्टेंबरात इथे झाडं पिवळी होतात, हवा मस्त गार असते." (फोन आमच्याकडे नव्हता. तळमजल्यावरच्या गालाशेठकडे यायचा. आणि सुधीर इतका लांब आहे म्हणून आम्ही इतकं ओरडून बोलायचो, की नाहूरपर्यंत ऐकू जात असावं!)

त्या 'गार' या शब्दाने माझी वाट लागली.

ऑफिसातून दमून घरी यावं तर जिन्यातच कोणीतरी गाठायचं. "नॉर्वेला म्हणे नाक गळून पडतं?" "रात्री डोळे मिटायचे नाहीत हं, पापण्या चिकटतात!" सांगणाऱ्यांतला एकही माणूस महाबळेश्वरच्या पुढे गेलेला नव्हता. मी मान डोलवायचो. दुसरं काही करायला अंगात त्राण नसायचं.

त्यात ऑगस्ट महिन्यात मुलुंडच्या बाजारात स्वेटर मागणं म्हणजे काय, ते ज्याने मागितला त्यालाच ठाऊक. दुकानदाराने माझ्याकडे आधी दयेने पाहिलं आणि मग रेनकोट दाखवला. शेवटी आम्ही बिल्डिंगभर भीक मागितली. दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकांनी त्यांचा ओव्हरकोट दिला. कधीकाळी सिमल्याला बदली झाली होती, तेव्हाचा. "जपून वापर हं," ते म्हणाले. "त्याला डांबराच्या गोळीशिवाय दुसरा वास लागलेला नाही." तो कोट घालून मी आरशासमोर उभा राहिलो. कपाटाला कोणीतरी चष्मा लावल्यासारखं दिसत होतं.

एवढं सगळं झाल्यावर एका सकाळी सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "मी येवचंय नाय."

नंदाच्या हातातलं लाटणं थांबलं. "आई, असं काय गं? सुधीरला पाहून किती वर्षं झाली! नातीला बघायचं नाही तुला?"

"बघूचा आसा गो. पण थंय बरफात माझी हाडां गोठली तर? झिलाक आवशीक बघूचा आसात तर तो येयत हंय."

आईला बघायचं तर लेकानेच इकडे यावं, हे बोलताना आवाज चढा होता, पण पदर डोळ्यांकडे गेलेला मी पाहिला. नंदा त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तीही म्हणाली, "आई नाही तर मीही नाही." म्हणजे उरलो मी एकटा. बायकोच्या भावाकडे मी एकटाच जाऊन काय करणार, पिवळी झाडं बघणार?

मी शेजारच्या पेडणेकरकडे गाऱ्हाणं घेऊन गेलो. तो कुर्ल्याच्या बाजूला एका मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होता.

"सोपं आहे रे!" तो म्हणाला. "रविवारी म्हातारीला घेऊन ये आमच्याकडे. गरम कपडे घालून पाच मिनिटं आत उभी कर. नॉर्वे काय झक मारेल त्याच्यापुढे! एकदा सोसली ना, भीती गेली समज."

"झकास!" मी म्हणालो. दमलेल्या माणसाला कुठलीही कल्पना झकासच वाटते.

रविवारी भर दुपारी घामाने निथळत आम्ही निघालो. दोघी मायलेकींनी स्वेटर पिशवीत ठेवले होते. मी मात्र ओव्हरकोट, मफलर आणि माकडटोपी घरूनच चढवली होती. (सासूबाईंना धीर यावा म्हणून!) बसमध्ये एका बाईने मला पाहून आपलं मूल दुसऱ्या मांडीवर घेतलं.

पेडणेकरने खोलीचा तो जाडजूड दरवाजा उघडला आणि आतून पांढरी वाफ आली. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. "अजिबात घाबरायचं नाही," मी म्हणालो. "मी आहे ना!"

आत गेलो. पहिल्या क्षणी बरं वाटलं. दुसऱ्या क्षणी अंगावरचा घाम गार पडला. तिसऱ्या क्षणी माझे दात आपण होऊन वाजू लागले. तेवढ्यात बाहेरून कोणीतरी पेडणेकरला हाक मारली. तो "आलोच!" म्हणून गेला आणि मागे दरवाजा धप्पकन बंद झाला.

झालं! मी दरवाज्यावर झडप घातली. मूठ धरून ओढली. हलेना! पाय टेकवून ओढली. हलेना! "पेडणेकर! अरे पेडणेकर! मेलो रे!"

"अहो, शांत व्हा ना," नंदा म्हणाली.

"शांत काय? आपण गोठणार! नंदा, मला माफ कर!"

सासूबाई कुठे होत्या? त्या पलीकडे गोठलेल्या पापलेटांपुढे नि सुरमईंपुढे उभ्या होत्या. एकीच्या पोटावर बोटाने टकटक करून म्हणाल्या, "नंदा, बघ गो केदी मोठी! आणि हो सरंगो बघ!" मग माझ्या किंकाळ्यांचा त्रास होऊन त्या दरवाज्याशी आल्या, मला बाजूला केलं आणि एका हाताने दरवाजा ढकलला. तो उघडला. तो ढकलायचाच होता!

मी सुसाट बाहेर पडलो. बाहेरच्या दमट हवेत चष्म्यावर एकदम धुकं आलं, समोरचं दिसेना, पण पाय काही थांबेनात. मी थेट कोलंबीच्या टपात! ओव्हरकोटासकट!

परतताना एकही टॅक्सीवाला थांबेना. मुलुंडला बसमधून उतरल्यापासून तीन मांजरं मागे लागली, ती जिन्यापर्यंत आली. आणि जिन्यात नेमके कुलकर्णीकाका उभे. त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यांनी एकदा कोटाकडे पाहिलं, एकदा मांजरांकडे. "राहू दे तुलाच," एवढंच म्हणाले आणि दार लावून घेतलं.

मी अंघोळीवर अंघोळ करत होतो, तेवढ्यात खालून हाक आली, "नॉर्वेचा फोन!" मी टॉवेल गुंडाळून गॅलरीत आलो. सासूबाई खाली पोचल्या होत्या. त्यांचा आवाज साऱ्या बिल्डिंगमध्ये घुमत होता.

"सुधीर, मी येतंय रे! व्हय, नक्की येतंय! थंडी? ती काय्येक नाय, आज बघून इलंय! नातीक सांग, आजी येता!"

नंदा माझ्या शेजारी उभी राहून रडत होती आणि हसत होती. मलाही भरून आलं. एवढी फजिती झाली, पण सार्थकी लागली, असं वाटलं. माझ्यामुळेच तर हे जमलं! आता सासूबाई माझ्याबद्दल दोन चांगले शब्द बोलतील म्हणून मी कठड्यावर पुढे वाकलो. प्रत्येक गॅलरीत माणसं उभी होती. त्यांनीही कान टवकारले.

"आणि सुधीर, ऐक!" सासूबाई ओरडल्या. "आमची चिंता करू नको. पण जावयांसाठी चुलीकडची खोली रिकामी ठेव आणि नातीचा एक दुपटा काढून ठेव. ते नाजूक आसत रे!"