अक्काच्या झडपेची गळती

माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्काला, लहानपणी सांध्यांचा ताप आला होता. तो गेला, पण जाताना हृदयाच्या एका झडपेत खोट ठेवून गेला. चाळिशीला आल्यावर तिला जिना चढताना धाप लागू लागली. झडप नीट मिटत नव्हती, त्यामुळे बाहेर पडलेलं रक्त थोडं मागे येत होतं. थोडं म्हणजे किती, यावर सगळं अडलं होतं. कमी असेल तर गोळ्यांवर भागणार होतं, जास्त असेल तर छाती उघडून झडप बदलायची. हृदयाच्या एका इको तपासणीत गळती बेताची निघाली, दुसरीत बरीच. अक्काला निमित्तच हवं होतं. "त्यांचं त्यांनाच ठरवता येईना, मग मी का म्हणून कापून घेऊ?" ती म्हणायची.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. बंगलोरच्या एका इस्पितळात मी एमआरआय चालवत होते. झडपेच्या जरा वर, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीचा आडवा काप पडद्यावर धरला की एका ठोक्याला किती रक्त पुढे गेलं आणि किती मागे आलं, हे मोजता यायचं. तेव्हा हे काम फार थोड्यांना येत होतं आणि मला चांगलं येत होतं. मी ते तेव्हाही लपवलं नाही, आता कशाला लपवू? शेवटी अक्काच म्हणाली, "तुझं मशीन सांगेल ते ऐकते. मग वाद नाही. सरी?"

"सरी, ठरलं," मी म्हणाले.

तिच्या छातीवर तारा चिकटवल्या तेव्हा भीतीनं हृदय धडधडत होतं. त्या वेगावरून प्रत्येक ठोक्यानंतर किती वेळ मोजायचं ते मी मशीनला ठरवून दिलं. आमची पद्धतच तशी होती. ठोका पडला की मोजायला लागायचं आणि पुढचा यायच्या जरा आधी थांबायचं. मग तिला आत सरकवताना आमच्या घरचा उपाय सांगितला. परीक्षा असो, बाळंतपण असो, आमच्यात सगळ्यावर एकच औषध. "मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहा." त्यात अक्का पटाईत. मशीनचा एवढा ठणठणाट चालू असताना ती आत निवांत पडून राहिली.

निकाल आला, गळती बेताचीच. शेजारी उभ्या असलेल्या हृदयाच्या डॉक्टरांनी मान डोलावली. भाओजी बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून अर्धा दिवस रजा काढून आले होते, ते तडक मिठाई आणायला गेले. अक्का चपला घालता घालता शाळा सुटल्यासारखी हसत होती.

मी मात्र पडद्यावरचा आलेख बघत होते. शून्याच्या वर पुढे जाणारं रक्त, खाली मागे येणारं. रेघ वर गेली, उतरली, शून्याखाली आली आणि तिथेच तुटली. ती पुढच्या ठोक्याला जाऊन मिळायला हवी होती. ठोक्यांची गती पाहिली आणि डोक्यात प्रकाश पडला. देवाचं नाव घेता घेता अक्काचं हृदय संथ झालं होतं. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढलं, मोजायचा वेळ मात्र धडधडीच्या हिशेबानंच राहिला. शेवटी शेवटी मागे आलेलं रक्त कुणी मोजलंच नव्हतं.

"पुन्हा मोजायचं," मी म्हणाले.

"कशाला? पहिल्या इकोशी जुळतंय की," डॉक्टर म्हणाले.

"पूर्ण मोजलं तर दुसऱ्याशी जुळेल, सर."

अक्काचा चेहरा उतरला. "अगं, बरं निघालंय ना? स्वल्प गप्प बस की." त्या क्षणी मलाही गप्प बसावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण अर्धवट मोजलेलं मी परक्या पेशंटच्या हातातही कधी दिलं नव्हतं, ही तर माझी बहीण होती.

या वेळी मशीनला मध्ये न थांबता मोजत राहायला लावलं आणि ठोक्यांशी जुळवणी मागाहून केली. वेळ बराच लागला. रेघ पुढच्या ठोक्यापर्यंत सलग गेली. बाहेर पडलेल्या रक्तापैकी जवळजवळ निम्मं मागे येत होतं. डॉक्टरांनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी धरून पाहिले आणि ऑपरेशनचं बोलायला सुरुवात केली. भाओजी मिठाईचा डबा घेऊन दारात उभे होते.

अक्कानं शब्द पाळला, ऑपरेशनला तयार झाली. माझ्याशी बोलणं मात्र टाकलं. मी घरी गेले की ती आतल्या खोलीत निघून जायची आणि भाओजी बिचारे आमचे निरोप पोचवायचे. माझा आकडा बरोबर होता, त्याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पण टेबलावर तिचं काही बरंवाईट झालं असतं, तर तिला तिथे पाठवणारी मीच होते.

नवी झडप बसली. दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. अक्काच्या घशातली नळी नुकतीच काढली होती, ओठ सुकले होते. तिनं डोळे उघडले, मला नीट न्याहाळलं आणि खरखरत्या आवाजात म्हणाली, "परत मोजायला आलीस का गं?"

"नाही गं," मी म्हणाले, आणि तिच्या पलंगाचा दांडा धरून हमसून हमसून रडले.