उलट्या तोंडाने घाट चढणारी मोटार

जुन्या मोटारीत चार माणसं नेहमी बसू लागली की किस्से आपोआप साठतात. ती वाटेत कुठेतरी थांबतेच, आणि थांबलेली माणसं बोलायला लागतात! माझ्याकडे असे पुष्कळ पडून आहेत. पूर्वी मी ते सांगायला लागलो की यमुना स्वयंपाकघरातून माझ्या चुका दुरुस्त करायची. "सोनबा नव्हे, त्याचा भाऊ," किंवा "गुरुवार होता तो." आता दुरुस्त करणारं कुणी नाही. तेव्हा यात काही चुकलं असेल तर ते तसंच राहील.

मोटार दिगूची. दिगू म्हणजे दिगंबर, यमुनेचा थोरला भाऊ. निजामाचं राज्य होतं. दिगू आणि मी औरंगाबादच्या कॉलेजात इंटरला होतो आणि एका खोलीत राहत होतो. दिगूला वडील नव्हते. त्याचे मामा रस्त्यांची कंत्राटं घेत. मरताना त्यांनी भाच्याला ही मोटार ठेवली. तिच्यावरच त्याचं शिक्षण चालायचं.

तेव्हा आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. गुरुवारी दुपारी तास संपले की दिगू उतारू भरून औरंगाबादहून बीडला यायचा. शुक्रवारी सकाळी बीडहून नांदूरघाटला जाऊन परत, आणि दुपारी पुन्हा औरंगाबादचा रस्ता. शनिवारी सकाळी वर्गात हजर व्हायचं. मी पायफळीवर उभा. माझ्या हातात बाभळीचा एक ठोकळा असायचा. मोटार चढावर मागे सरकायला लागली की उडी मारून तो चाकाखाली घालायचा, एवढंच माझं काम.

* * *

त्या मोटारीची पेट्रोलची टाकी चालवणाऱ्याच्या बैठकीखाली होती. पेट्रोल आपल्या वजनाने वाहत इंजिनापर्यंत जायचं. सपाटीवर ठीक. पण मांजरसुंब्याच्या घाटात मोटारीचं तोंड वर झालं की इंजिन टाकीपेक्षा उंच जायचं आणि पेट्रोल पोहोचायचंच नाही. त्यावर उपाय एकच, घाटाच्या पायथ्याशी मोटार फिरवायची आणि अख्खा घाट उलटा चढायचा!

दिगू मान मागे वळवून चालवायचा. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. उतारूंची तोंडं बीडकडे, आणि मोटार चाललीय केजकडे.

एकदा नांदूरघाटच्या एका म्हातारबाबांना घाटाखालच्या पाली गावाशी झोप लागली. अर्ध्या घाटात जागे झाले. समोर खाली पाली दिसतेय, लांब बीडचा रस्ता दिसतोय. बाबांनी दिगूच्या खांद्याला धरून हलवायला सुरुवात केली.

"बे पोरा, नांदूरघाटाला जायचंय मला. बीडकडं तोंड करून कावून निघालास?"

"बाबा, खांदा सोडा! दरी हाय बाजूला!"

"मला येडं समजतो का बे? थांबीव!"

मोटार दरीकडे वीतभर झुकली. मी ठोकळा टाकला. मोटार थांबली. बाबा उतरले, धोतर झटकलं आणि मोटारीच्या तोंडाच्या उलट दिशेला, म्हणजे बरोबर केजच्या दिशेला, ताडताड चालायला लागले. आम्ही उलटे चढत वर पोहोचलो तेव्हा बाबा आमच्या आधी घाटमाथ्यावर बसलेले!

"बघा," ते बाकीच्या उतारूंना म्हणाले, "मी उतरलो म्हणून पोचलो. तुमी बसा त्याच्याबरं बीडला जात!"

* * *

शहागडला गोदावरी. पूल नाही. दोन नावा शेजारी बांधायच्या, वर फळ्या टाकायच्या आणि त्यावर मोटार चढवायची. नावाडी सोनबा. त्याची एक रीत होती. बैल नावेत घेताना तो त्यांचे डोळे बांधायचा, कारण पाणी दिसलं की बैल बुजतात. मोटार पहिल्यांदा घेताना त्याने पोत्याचे दोन तुकडे आणले आणि मोटारीच्या दोन्ही दिव्यांवर बांधायला लागला.

दिगू म्हणाला, "सोनबा, ही मोटार हाय. हिला दिसत न्हाई."

"मग रात्री वाट कशी दिसती?"

आम्ही इंटरचे दोन विद्यार्थी सुतळी धरायला पुढे झालो. दिवे बांधले.

मधोमध आल्यावर धारेने नावा कलल्या. मोटारीचा ब्रेक कसा होता ते आम्हाला माहीत होतं. ती हळूहळू पुढे सरकायला लागली. पुढची चाकं फळीच्या टोकाशी गेली. दिगू चक्र धरून आत बसलेला, तो उतरेना. त्याच्या मांडीवर उर्दूतलं पदार्थविज्ञानाचं पुस्तक तसंच उघडं. मी गुडघ्यावर पडून ठोकळा सारला. तो घसरला. दुसऱ्यांदा सारला. चाक त्यावर चढलं, डुगडुगलं आणि थांबलं.

नावा पैलतीराला लागल्या. उतरल्यावर सोनबाने पोत्याचे तुकडे सोडले, घडी केली आणि दिगूकडे बघून म्हणाला, "बघितलं? डोळे बांधलंते म्हणून. न्हाईतर घेतलीच असती उडी तिनं!"

* * *

घाटात उलटं चढायला दुप्पट वेळ जायचा. मग शहागडला आमची नाव चुकायची, आणि शनिवारचा पहिला तास बुडायचा. तो तास पदार्थविज्ञानाचा. प्रोफेसरसाहेब कडक. दिगू तासाला आला तरी सगळा घाट मागे बघून चढल्यामुळे त्याची मान डावीकडे आखडलेली असायची, आणि डावीकडे खिडकी!

एका शनिवारी साहेबांनी विचारलं, "दिगंबर, खिड़की में क्या है?"

"कुछ नहीं, साहब. गर्दन नहीं फिरती."

वर्ग हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. टाकी, घाट, उलटं चढणं. मग हजेरीचं पुस्तक उघडलं. "पानी अपनी सतह ढूँढता है, यह सबक़ तुम्हारी मोटर को याद है. उसे मैं पास करता हूँ. मगर इम्तिहान में तुम्हें बैठना है. अब एक भी सनीचर गया, तो तुम्हारा फ़ॉर्म नहीं जाएगा!"

त्या दिवशी खोलीवर दिगू जेवला नाही. फॉर्म गेला नाही म्हणजे वर्ष गेलं, आणि दुसरं वर्ष त्याला परवडणारं नव्हतं.

* * *

बीडला करीम मिस्त्री होते. त्यांनी मोटारीला एक फेरी मारली आणि दिगूला म्हणाले, "नई टाकी बिठाता मैं. सामने, काँच के नीचे, इंजिन से ऊपर. घाट में नाक उठाको जाएगी तेरी गाड़ी."

दिगू घाबरला. "चाचा, इंजिनाच्या एवढ्या जवळ पेट्रोल? पेट घेतला तर?"

"अब कहाँ है टाकी?"

"माझ्या बैठकीखाली."

"तो अब तक आग पे बैठको चला रहा था न तू?" मिस्त्रींनी हात पुसले. "सामने रहेगी तो जलती हुई दिखेगी तो सही!"

* * *

टाकी बसवायचं ठरतच होतं, तेवढ्यात तलवाड्याच्या आबासाहेबांचा निरोप आला. आबासाहेब मोठे जमीनदार. त्यांनी नवीकोरी मोटार घेतली होती. टाकी मागे, पण पेट्रोल ओढून घ्यायची सोय आत, त्यामुळे कुठलाही घाट सरळ चढायची. फक्त चालवणारा टिकत नव्हता. तिसरा नुकताच पळाला होता.

आम्ही गेलो. मोटार गोठ्याशेजारी उभी होती, वर झूल घातलेली. आबासाहेबांनी झूल काढली. दिगूने आतल्या गादीला हात लावला आणि लगेच काढून घेतला, हाताला वंगण होतं म्हणून.

"पाच वर्सं चालीव," आबासाहेब म्हणाले, "मग गाडी तुझी. कागद करून देतो. पर ऱ्हायचं हितं, तलवाड्यात. कॉलेज-बिलेज बंद."

"आबासाहेब, इंटर झालं की—"

"इंटर होऊन काय होशील? कारकून. साहेबाच्या मागं उभा ऱ्हाशील." त्यांनी झूल परत टाकली. "साऱ्या तालुक्यात माझ्या पुढं बसायची कुणाची छाती न्हाई. तू रोज बसशील! शुकरवारी बीडला येतो. तवा सांग."

* * *

बीडला घरी दिगूच्या आईने एवढंच विचारलं, "त्या गाडीला ब्रेक लागतो ना?"

"लागतो."

"मग इचार कसला करतोस?"

दिगू भिंतीला टेकून बसला होता. यमुना धान्य निवडत होती. तेव्हा तिची-माझी नुसती ओळख होती. मान वर न करता ती म्हणाली, "आई, दादाला गाडी मिळणार का गाडीला दादा मिळणार, ते आधी इचार."

आई रागावल्या. दिगू उठून बाहेर गेला. गुरुवारी संध्याकाळी करीम मिस्त्रींनी टाकी बसवली. पण त्याचा अर्थ दिगूने ठरवलं होतं असा नव्हे. त्याला मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "बघू, घाट काय म्हणतो ते."

* * *

शुक्रवारी सकाळी आबासाहेब बीडला आले ते बैलांच्या धमणीतून. नव्या मोटारीची किल्ली त्यांच्या मुठीत. त्यांना नांदूरघाटला सोयऱ्यांकडे जायचं होतं. ते सरळ दिगूच्या शेजारी येऊन बसले. मागे नांदूरघाटच्या दोन बायका आणि यमुना. ती मावशीकडे निघाली होती. मी पायफळीवर.

घाटाच्या पायथ्याशी दिगूने मोटार थांबवून टाकी काठोकाठ भरली. आबासाहेबांनी नाकाला उपरणं लावलं. "लई वास येतोय. झाकण लागत न्हाई का तुझ्या डब्याला?"

झाकण थोडं सैल होतं. दिगूने ते घट्ट पिळलं, वरून साबण लिंपला. वास बंद झाला.

"आता ऐक," आबासाहेब म्हणाले. "सरळ तोंडानं वर नेलीस तर जा कॉलेजला. मी पुन्हा नाव काढणार न्हाई. मधीच थांबली, न्हाईतर उलटी फिरवलीस, तर उद्यापास्नं तलवाड्याला. कबूल?"

दिगूने माझ्याकडे पाहिलं. मग समोर. "कबूल."

मोटार नाक वर करून चढायला लागली. त्या मोटारीतून घाट पुढून कसा दिसतो ते आम्ही पहिल्यांदा पाहत होतो. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. मागच्या बायका देवाचं नाव घेत होत्या. तिसऱ्या वळणावर इंजिन खोकलं, दोन हिसके दिले आणि बंद पडलं.

मोटार मागे सरकली. मी उडी मारली, ठोकळा घातला. तो खडीवरून घसरत गेला. दरीच्या कडेला लावलेले दगड हातभर राहिले तेव्हा चाक थांबलं. बायका आणि यमुना खाली उतरल्या. आबासाहेब उतरले नाहीत.

"अजून एकडाव बघ," ते म्हणाले.

दिगूने टाकीत काडी घालून पाहिलं. भरलेली. झाकण पुन्हा पिळलं, साबण लावला. तारा पाहिल्या. इंजिन सुरू करायचा दांडा फिरवला. इंजिन चालू झालं. मोटार वीस हात वर गेली आणि पुन्हा बंद! मी पुन्हा ठोकळा घातला. माझी बोटं सोलली होती.

"पेट्रोल हाय," दिगू स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "वर हाय. मग खाली कावून येत न्हाई?"

त्याचा चेहरा घामाने आणि वंगणाने काळा झाला होता. आबासाहेबांनी मूठ उघडली. आवाज चढवला नाही. "किल्ली घे, पोरा. ह्यात हार न्हाई. गाडी चांगली हाय माझी."

दिगूने हात पँटला पुसला. मी दुसरीकडे पाहिलं. त्याने हात पुढे केला.

"दादा," कडेच्या दगडाशी उभी असलेली यमुना म्हणाली, "गोड्या तेलाचा नवा डबा फोडताना आपण भोकं किती पाडतो?"

"यमे, ही येळ हाय का?"

"दोन पाडतो. एकातून तेल येतं, दुसऱ्यातून वारा आत जातो. एकच पाडलं तर तेल येतं का? तुमी तर साबण लावून वाऱ्याची वाटच बुजवलीत."

दिगूचा हात तसाच राहिला. मग तो वळला. नखाने साबण खरवडला आणि झाकण अर्धा पीळ सैल केलं. टाकीने 'स्स्स' करून केवढा तरी वारा आत घेतला. तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

दांडा एकदाच फिरवावा लागला.

बायका परत बसल्या. मोटार निघाली ती थांबली नाही. आबासाहेब नाकाला उपरणं लावून ताठ बसलेले. घाटमाथ्यावर दिगूने मोटार उभी केली आणि कपाळ चक्रावर टेकलं. इंजिनाच्या पाण्याच्या झाकणातून वाफ येत होती.

आबासाहेब खाली उतरले. किल्ली कोटाच्या आतल्या खिशात घातली, बटण लावलं. मोटारीला एक फेरी मारली. मग माझ्याजवळ आले.

"पोरगी किती शिकलीय?"

"चौथी."

"आन ह्यो?"

"इंटर. दुसरं वर्ष."

आबासाहेबांनी एकदा दिगूकडे पाहिलं, एकदा यमुनेकडे पाहिलं.

"मग चुकीचं पोर कॉलेजात धाडलंय तुमी!"