मचव्यावरचा राखणदार

जिवंत माणसांशी खरं बोलणारे पुष्कळ असतील. मेलेल्या माणसाबद्दल विमा कंपनीशी खरं बोलणारा मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमच्या हिचे मामा. खरेपणाचं त्यांना व्यसनच होतं. आमच्या लग्नात भर मांडवात मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "पोरगा बरा हाय. कान तेवढे मोठे हायत." कोणी विचारलं होतं? तेव्हापासून मी त्यांचा जावईबापू, आणि रत्नागिरीत विम्याची एजन्सी चालवत असल्यामुळे त्यांचा वकील, हमाल आणि हक्काचं गिऱ्हाईक.

भाट्याच्या खाडीकाठी त्यांचा जुना मचवा लाकडी टेकूंवर उभा असे. तो मचवा घेऊन त्यांचा धाकटा भाऊ एकदा मासे मारायला गेला होता, एकटाच. मचवा परत आला तोही एकटाच. त्यातल्या चुलीवरचा भात अजून गरम होता म्हणतात. जेवणारा तेवढा नव्हता. लोक म्हणाले, फोडा, सरपण करा. मामांनी तो ओढून वर घेतला आणि दुरुस्ती काढली. एक फळी नवी बसवायची की शेजारची काढायची, वर्षानुवर्षं हेच. त्यांचं ठोकणं लांबूनही ओळखू यायचं: दोन ठोके, मग एक उसासा टाकण्याएवढी विश्रांती. शिडीला हात लावण्याआधी खालून हाक मारायची, "येऊ काय रे?", आणि जरा थांबायचं. मी एकदा तसाच चढायला लागलो तर सदरा धरून खाली ओढलं. "कोणाच्या घरात असं घुसतात काय, जावईबापू?" मचव्यावर शीळ घालायची नाही, धाकट्याला आवडत नसे. डब्यातला पहिला घास वरच्या फळीवर ठेवायचा. तो कावळा खातो, असं मी म्हटलं की म्हणत, "खाऊ दे की. तो पण विचारूनच येतो."

एका दुपारी वाऱ्यानं टेकू सरकला आणि मचवा शेजारणीच्या गोठ्यावर कलला. म्हैस वाचली, गोठ्याची कुडाची भिंत गेली. झालं, वाडीनं आभाळ डोक्यावर घेतलं. उद्या कोणी खाली सापडलं तर भरून कोण देणार? बंदरावरच्या साहेबांनी निकाल दिला: दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा विमा उतरवा, नाहीतर येत्या अमावास्येच्या आत मचवा फोडा. मामा माझ्याकडे आले ते दारातच उभे राहिले. "जावईबापू, मचवा फोडला तर तो राहील कुठं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि विम्याचे कागद काढले.

विमा मिळण्यासारखा होता, पण दुरुस्ती चालू असेतो मचव्यावर दिवसरात्र राखणदार हवा अशी अट होती. त्या मचव्यावर निजायला कोण येतोय! मी हात जोडले, "मामा, कंपनीचे साहेब तपासणीला येतील, त्यांनी विचारलं तर स्वतःचं नाव सांगा."

"मी घरी निजतो. खोटं सांगितलं तर विमा फुकट, तुम्हीच सांगितलंत मां? आणि राखणदार हाय की."

मी कपाळाला हात लावला आणि तपासणीचा अर्ज पाठवून दिला.

तपासणीला कोल्हापूरहून आलेले साहेब इस्त्रीच्या कपड्यांतले, कडक. भर दुपार होती आणि मामांच्या हाताखाली अधूनमधून येणारा सुतार पालीला बहिणीकडे गेला होता. मामांनी साहेबांनाही हाक मारायला लावली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे. शेवटी "येऊ का?" म्हणून ते चढले आणि आत उतरले. थोड्या वेळानं डोकं बाहेर काढून म्हणाले, "मी आत आहे तोवर ठोकाठोकी बंद करायला सांगा. तुमचा सुतार या बाजूला बसलाय ना?"

त्या बाजूला आम्हीच दोघं उभे होतो, रिकाम्या हातांनी. मग मलाही ऐकू आलं. ठक. ठक. ठक. माझी पाचावर धारण बसली. मामा मात्र वर बघून घरातल्यासारखं म्हणाले, "अरे, सायेब आलेत. जरा दम खा."

ठोकणं थांबलं. साहेब सावकाश खाली उतरले, रुमालानं मान पुसली.

"राखणदार?"

"हाय. माझा भाऊ."

"कुठं आहे?"

"बुडाला."

"रात्री असतो?" साहेबांनी हळूच विचारलं.

"दिवसा पण."

साहेबांनी 'राखणदार कायम हजर' असं लिहिलं, चहा नको म्हणाले, आणि जाताना "येतो हं" म्हणाले ते आम्हाला नव्हे, मचव्याला.

विमा झाला, मचवा वाचला. पुढं मी थट्टेनं म्हणायचो, "मामा, आता लोटा की पाण्यात! कधी संपायची ही दुरुस्ती?" एकदा ते हातातली फळी खाली ठेवून म्हणाले, "दुरुस्ती संपली की राखणदाराचं काम काय? मग तो जाईल." त्यानंतर मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मामा गेले त्या वर्षी विम्याच्या तपासणीला तेच साहेब आले. दोघंही शिडीखाली उभे राहिलो. मामांची हाक आता मीच मारली, "येऊ काय?" आणि थांबलो. आतून ठोकण्याचा आवाज आला, नेहमीचा, एकसारखा. त्याच्या मागोमाग दुसरा: दोन ठोके, मग एक उसासा टाकण्याएवढी विश्रांती.

"राखणदार?" साहेबांनी विचारलं.

खोटं सांगितलं असतं तर विमा फुकट गेला असता. "दोन," मी म्हणालो, आणि मला रडू आवरेना.