एवढी तर आमचीच खरेदी आहे

चपलांच्या दुकानात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य हे आहे. गिऱ्हाईक भाव पाडून मागतं, दुकानदार छातीला हात लावतो आणि म्हणतो, एवढी तर आमचीच खरेदी आहे. म्हणजे आम्ही जेवढ्याला आणलं तेवढंच तुम्ही देताय, मग आम्ही खायचं काय? बहुतेक वेळा हे खोटं असतं. दुकानदाराला माहीत असतं, गिऱ्हाइकालाही माहीत असतं, पण ते म्हटल्याशिवाय सौदा पुढे सरकत नाही. अकोल्यात जठारपेठेत दुकान टाकण्याआधी मी काही वर्षं रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून स्लिपर विकल्या. पोत्यावर बसूनही हेच म्हणत होतो, आणि चांगलं म्हणत होतो. माझा आवाज एवढा चढायचा की गिऱ्हाईक दोन पावलं मागे जायचं. मग हसून परत यायचं.

माझ्यावर जो अन्याय झाला असं मी आजही मानतो, तो या एका वाक्यापायी झाला.

अंजनगाव सुर्जीच्या दुकानदाराशी माझी ओळख भांडणातून झाली. नागपूरच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे सँडलच्या एकाच लॉटवर आम्ही दोघांनी हात ठेवला. तो माझ्यापेक्षा थोडा मोठा. मुसलमान घर, वडिलांपासून चालत आलेलं चपलांचं दुकान, बोलणं मऊ आणि सौद्यात लोखंड. तासभर कोणी मागे हटेना. शेवटी त्यानेच विचारलं की तुमच्याकडे मोठे नंबर खपतात की लहान. माझ्याकडे मोठे खपायचे, त्याच्याकडे लहान. आम्ही लॉट वाटून घेतला आणि व्यापाऱ्याला दोघांनी मिळून पिळलं.

चपलांचा माल सेटमध्ये येतो. एका डिझाइनचे सगळे नंबर घ्यावे लागतात. मधले नंबर विकले जातात, कडेचे पडून राहतात आणि त्यांच्यात पैसा अडकतो. त्या दिवसापासून माझे पडलेले लहान नंबर अंजनगावला जायचे आणि त्याचे मोठे अकोल्याला यायचे. त्यासाठी मी महिन्यातून एकदा एसटीने त्याच्या दुकानी जायचो. व्यापाऱ्यांच्या सवयीने तो मला अकोला म्हणायचा, मी त्याला अंजनगाव. डबे मधे ठेवून आम्ही अर्धा अर्धा दिवस भाव करायचो. मी चिडून उठायचो, तो चहा सांगायचा, मी परत बसायचो. माझ्या आयुष्यात मजा म्हणून मी जे काही केलं असेल, ते एवढंच.

मग ती वर्षं आली. कापसाचे चुकारे, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, लांबायला लागले, मग भाव पडला, मग पाऊस बिघडला, आणि खेड्यातलं गिऱ्हाईक बाजारात यायचं पण घरातल्या एकाच माणसापुरती चप्पल घेऊन जायचं. बूट तर कोणी हातात धरीना. दुकानात डबे छतापर्यंत आणि त्यातल्या कोणत्या डब्यात कोणता नंबर आहे ते शोधताना गिऱ्हाईक निघून जायचं. म्हणून मी कॉम्प्युटर घेतला. शेजारच्या दुकानदारांनी विचारलं, यावर आता चपला शिवणार का? मी त्यांना जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. पण वर्षभरात मला बसल्या जागी कळायला लागलं की काय पडून आहे आणि काय संपत आलंय.

त्यातूनच डोक्यात आलं की अंजनगावचा माल माझ्या पडद्यावर दिसला आणि माझा त्याच्या, तर एसटीच्या फेऱ्या वाचतील. मी त्याला एक जुना कॉम्प्युटर मिळवून दिला आणि नोंदी करायला स्वतः जाऊन बसलो, कारण त्याला टायपिंग येत नव्हतं. तो डबे उतरवून द्यायचा, मी भरायचो. प्रत्येक वस्तूपुढे खरेदीचा भाव भरल्याशिवाय प्रोग्राम पुढे जात नसे, आणि तिथे गाडी अडली.

आमच्या धंद्यात खरेदीचा भाव डब्यावर लिहिलेला असतो, पण आकड्यात नाही. दहा अक्षरांचा एक शब्द ठरवलेला असतो, प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा. डब्याच्या कोपऱ्यात दोन-तीन अक्षरं दिसली की मालकाला भाव कळतो, गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. हा शब्द दुकानदार बायकोलाही सांगतोच असं नाही. तो बराच वेळ डबा हातात घेऊन उभा राहिला. मी म्हटलं, डॉक्टरकडे येऊन नाडी झाकून ठेवायची असेल तर मी निघतो. दुकानात तिसरं माणूस नव्हतं, तरी त्याने वाकून माझ्या कानात तो शब्द सांगितला. तो त्याच्या वडिलांचा होता. मी तो आजवर कोणाला सांगितलेला नाही.

आमचं चाललेलं पाहून आणखी दुकानं आली. नांदगाव खंडेश्वरचं एक, अमरावतीची तीन-चार, अकोल्यातली काही. महिन्यातून एकदा अमरावतीला एका तरुण, शिकलेल्या दुकानदाराच्या गोदामात आम्ही बसायचो. वीज गेली आणि नोंदी पुसल्या गेल्या तर काय करायचं, टेलिफोनच्या तारेवरून रोजच्या विक्रीची फाइल जात नसेल तर काय, घरातल्या कोणाला शिकवायचं, असं ज्याला जे अनुभवाने कळलं ते तो सांगायचा. नांदगावला कोणाला दहा नंबरचा बूट हवा असला आणि तो माझ्याकडे असला, तर दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलने पोचायचा. आपसात माल खरेदी भावाने द्यायचा हा नियम मीच घातला. जवळपास सगळ्यांच्या पहिल्या नोंदी मीच करून दिल्या, म्हणजे सगळ्यांचे शब्द माझ्याकडे आले. त्याचा मी कधी विचार केला नाही. त्यांनी केला.

नोंदी करता करता मला दिसलं की एकच चप्पल तोच नागपूरचा व्यापारी अमरावतीच्या त्या तरुणाला स्वस्त देतो आणि आम्हा बाकी सगळ्यांना महाग. मी गप्प बसणारा माणूस नाही. नागपूरला गेलो आणि त्या व्यापाऱ्याच्या गादीसमोर उभं राहून एवढा बोललो की रस्त्यावरची माणसं आत बघायला लागली. शेवटी तो म्हणाला, सगळ्यांना एकच भाव देतो. त्याने दिलाही. नांदगावच्या टीचभर दुकानाला अमरावतीच्या भावात माल मिळायला लागला. फक्त व्यापाऱ्याने तो भाव मधोमध कुठेतरी धरला, म्हणजे अमरावतीवाल्याला पूर्वीपेक्षा महाग पडलं.

मला वाटलं, पुढच्या बैठकीत लोक हार घालतील. पुढची बैठक झाली, पण मला निरोप आला नाही. नांदगावचा दुकानदार फोनवर बोलता बोलता म्हणाला की काका, परवाच्या बैठकीत तुमची तब्येत कशी आहे म्हणून विचारलं तर कोणी काही बोललंच नाही. तेव्हा मला कळलं. मी अमरावतीला फोन लावला.

"काका, तुमच्यावर कोणाचा आरोप नाई," तो तरुण म्हणाला. "पण तुमी बसले का लोकं मोकळे बोलत नाई."

"काहून? मी कोणाचं काय चोरलं?"

"चोरलं नाई. पण तुमाले सारं माईत हाय ना."

मी फोन आपटला. ज्यांना पहिलं बटण दाबायला मी शिकवलं त्यांनी मला दाराबाहेर ठेवलं होतं, आणि ज्यांना माझ्यामुळे स्वस्त माल मिळत होता ते तोंड मिटून माल घेत होते. कोणी भांडायलाही आलं नाही. भांडायला आले असते तर मी निभावून नेलं असतं.

दुसऱ्या दिवशी अंजनगाव गाठलं. माझी बाजू घेणारा तो एकच होता अशी माझी खात्री होती. सगळं सांगितलं. त्याने अमरावतीवाल्याला दोन शिव्या दिल्या, मला बरं वाटलं. तेवढ्यात नवरा-बायको आणि एक मुलगी असं गिऱ्हाईक आलं. मुलगी कॉलेजसाठी अमरावतीला जाणार होती, तिला सँडल हवे होते. तिने पसंत केले. बापाने किंमत ऐकली आणि निम्म्याच्या जरा वर मागितले. माझ्या मित्राने छातीला हात लावला.

"भाऊ, येवढी त आमची..."

आणि त्याची नजर माझ्याकडे वळली. मी काही केलं नाही, हसलो नाही, भुवई उचलली नाही. मी फक्त बसलो होतो. पण खरेदी किती होती ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. त्याचं वाक्य तिथेच राहिलं. बापाने मागितलेल्या भावातच त्याने सँडल बांधून दिले. बाप पायरी उतरताना बायकोकडे असं बघत होता की आणखी कमी मागायला हवे होते.

मग तो बराच वेळ डब्यांवरची धूळ झटकत राहिला. चहा सांगितला, पण स्वतः घेतला नाही.

"अकोला, एक गोष्ट बोलू? राग नका धरू."

"बोला."

"तुमी समोर असले का माह्या तोंडातून निंगतच नाई."

मी म्हटलं, मग बोलू नका खोटं. तो हसला. म्हणाला, तीस वर्षं दुसरं काही बोललोच नाही, आता काय नवीन शिकू? मी म्हटलं, मी काय पोलीस आहे का?

"पोलीस असते त बरं होतं. पोलिसाले खरेदी कुठं माईत रायते."

एरवी मी यावर मोठ्यांदा हसलो असतो. तो पुढे म्हणाला, "दुकान उघडं असलं का नका येत जाऊ. घरी या. ईदले या, जुम्म्याले या, मुक्काम करा. दुकानात नको."

"मंग तो कॉम्प्युटर काढून टाका," मी म्हणालो.

"तो कशाले काढू? चांगला चालून राहिला."

मी त्याच्या घरी कधी जेवायला जात नव्हतो, दुकानात बसायला जात होतो. घरी जाऊन आम्ही काय बोलणार होतो? भाव करायचे दिवस तर आधीच संपले होते, खरेदी भावाने द्यायचं म्हटल्यावर त्यात भांडायला काय उरतं? मी उठलो. त्याने पायरीपर्यंत येऊन हात धरला, मी तो सोडवून घेतला.

मला सगळ्यांची खरेदी कळते ही बोलवा बाजारभर झाली, आणि नंतर बाजारात मी एकटाच होतो. माझं दुकान चालत होतं, पहिल्यापेक्षा बरं चालत होतं. मुलगा पुण्याला नोकरीला होता, त्याला चपलांशी देणंघेणं नव्हतं. कोणाच्या दुकानात गेलो की मालक उठून खुर्ची द्यायचा आणि गिऱ्हाइकाशी कुजबुजत बोलायला लागायचा. वस्तू घ्यायला गेलो तर भावच सांगत नसत, म्हणत, तुम्हाला काय सांगायचं, द्या काय द्यायचं ते. भाव न करता घेतलेली वस्तू मला घरी आणावीशी वाटेना. बैठकवाल्यांच्या फाइली बंद झाल्या. फक्त अंजनगावची फाइल रोज संध्याकाळी येत राहिली. त्याची मुलगी आता ती पाठवत असे. मी ती उघडून वाचायचो. आज लेडीज पाच नंबर एक, लहान मुलांचे दोन, जेंट्स काही नाही. ठीक आहे, म्हणजे दुकान उघडलं होतं.

एकदा आठवडाभर फाइल आली नाही. पहिल्या दिवशी मी लक्ष दिलं नाही. नंतर फोन लावला, वाजला नाही. मला नाही नाही ते सुचायला लागलं. शेवटी दुकानाला कुलूप लावून अंजनगावची एसटी पकडली. वाटेत ठरवत होतो की जाऊन आधी भांडायचं की आधी विचारायचं.

दुकान उघडं होतं. तो गादीवर होता, धडधाकट, आणि पायरीवर गिऱ्हाईक. समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. टपरीवाला म्हणाला, रस्ता खोदताना तार तुटली, अख्ख्या ओळीचे फोन बंद आहेत. म्हणजे एवढंच होतं. मी चहा मागितला आणि गिऱ्हाईक उतरायची वाट बघत बसलो. ते उतरलं, तोवर दुसरं चढलं. लग्नसराई होती, चुकारेही त्या आठवड्यात मिळाले असावेत. त्याच्या दुकानात एवढी माणसं मी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती.

एका म्हाताऱ्याशी त्याचा सौदा चालू होता. म्हातारा चिवट होता, दोनदा उठून परत बसला. मित्राने हात छातीकडे नेला आणि त्याच वेळी त्याची नजर रस्त्यापलीकडे आली. त्याने मला पाहिलं. हात हवेतच राहिला. आता तो मला बोलावणार की म्हाताऱ्याला सँडल बांधून देणार, हे त्यालाही कळत नसावं.

मी चहाचा ग्लास घेतला आणि बाकावर दुसऱ्या बाजूला तोंड करून बसलो, दुकानाकडे पाठ करून. समोर भिंत होती, तिच्यावर बियाण्याची जाहिरात रंगवलेली. ती मी वाचत राहिलो. मागे रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, त्यामुळे तो काय बोलला ते ऐकू आलं नाही.

थोड्या वेळाने म्हातारा टपरीवर आला. काखेत डबा होता आणि चेहरा फसल्यासारखा आणि खूशही. त्याने चहा मागितला आणि मला विचारलं, या दुकानात भाव बरोबर लावतात का? मी म्हटलं, लावतात. परतीची एसटी लागली होती. बसलो. अमरावतीवाल्याचा राग तसाच होता, अंजनगावचाही होता. अकोला येईपर्यंत दोघांनाही काय काय ऐकवायचं ते मी मनातल्या मनात जुळवत होतो.