पाताळाचा राजा आणि आमचा शिवणक्लास

शिवणक्लासात किस्से गोळा करावे लागत नाहीत. चिंध्यांसारखे ते मशीनखाली आपोआप साठतात, आणि एखाद्या दिवशी झाडू मारताना कळतं की अरे, यात तर अख्खी गोधडी निघेल!

आमचा क्लास धुळ्याचा, अक्कांचा. मी तिथे गेले ब्लाउज शिकायला, पण चोरून मोबाइलवर कादंबरी लिहायचे. ग्रीक पुराणातला पाताळाचा राजा आजच्या काळात जळगावला येतो, आणि आईच्या नर्सरीत रोपं विकणारी कॉलेजची पोरगी त्याच्यासोबत पाताळात जाते, अशी लव्हस्टोरी. शेजारच्या मशीनवरच्या राणीने ते सगळ्यांसमोर फोडलं. अक्का म्हणाल्या, चारनंतर आपण हूक-बटणं लावायला बसतो तेव्हा वाच, कान रिकामेच असतात.

मी चांगलीच पंचाईतीत पडले. अक्कांची मुलगी वैशाली तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या पसंतीने लग्न करून वरणगावला गेली, आणि तेव्हापासून क्लासात तिचं नाव कुणी काढत नव्हतं. आणि मी वाचणार काय, तर आईला सोडून गेलेली पोरगी!

* * *

पहिल्या प्रकरणात काळं सिंहासन, काळ्या मेणबत्त्या, मिट्ट अंधार. मी अगदी जीव ओतून वाचलं. अक्कांनी एकच विचारलं, "तठे लाइट शे का?"

नाही म्हटलं. मग पोरगी सुई कशी ओवणार, हा त्यांचा पुढचा प्रश्न. त्या दिवसापासून माझ्या पाताळात इन्व्हर्टर आहे.

* * *

हिरोला मी पायघोळ काळा कोट घातला होता. राणी त्या कोटावरच फिदा. अक्कांनी आधी त्याला कापड किती लागेल ते काढलं, वर अस्तर धरलं, आणि म्हणाल्या की अमर असला म्हणून काय झालं, मे महिन्यात जळगावात उकडून मरेल तो. मी त्याला सुती कुर्ता दिला. राणी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाली, "कुर्त्यातपण बरा दिसतो गं."

* * *

पाताळाच्या दारात तीन तोंडांचा कुत्रा. त्याला चुकवून माझी नायिका आत कशी जाणार, इथे मी आठ दिवस अडकले होते. तलवार, मंत्र, बासरी, सगळं करून पाहिलं. अक्का हूक लावता लावता म्हणाल्या, भाकर एकच टाक. तोंडं तीन, भाकर एक. ते भांडत बसतील, तोवर पोरगी आत! कादंबरीत तो सीन तस्साच आहे. शाबासकी मला मिळते, डोकं अक्कांचं.

* * *

मग डाळिंबाचं प्रकरण आलं. पाताळाचा नियम असा, की तिथलं काही खाल्लं की माणूस तिथलाच झाला. कुठेही गेला तरी त्याला परत यावंच लागतं. माझी नायिका चार दाणे खाते. क्लासात एकच गलका झाला. राणी म्हणाली, चार दाण्यांनी काय होतंय? अक्का मात्र उठून मशीनवर जाऊन बसल्या. संध्याकाळी पाहिलं तर त्यांनी एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच जोडलेल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा!

मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी मोबाइल उघडलाच नाही. तर अक्कांनीच विचारलं, "तिनी माय काय करी राह्यनी?"

मी सांगितलं, आई इतकी रुसते की धरतीवर काही उगवतच नाही.

"रुसनी ते खरं. बलावनं धाडं का?"

आईने बोलावणं धाडल्याचं कुठेच नव्हतं. जुन्या गोष्टीत देवांचा दरबार भरतो आणि ठरतं, की पोरीने काही महिने आईकडे राहायचं, काही महिने पाताळात. अक्कांना हे काही पटेना. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, सासरची पोरगी माहेरी येते, झोका खेळते आणि परत जाते. त्यात देवांना कशाला मध्ये घालायचं? मी दरबार काढून टाकला आणि नर्सरीतल्या कडुलिंबाला झोका बांधला. अडलेला शेवट सुटला. मनापासून सांगते, त्या कादंबरीत माझ्यापेक्षा त्या क्लासाचंच जास्त आहे, आणि हे ऋण मला आवडतं.

* * *

आखाजीच्या आधी अक्का एक ब्लाउज कापत होत्या. मापाच्या वहीचं उघडं पान तीन वर्षांपूर्वीचं होतं. शिवणीत त्यांनी नेहमीपेक्षा जास्त कापड सोडलं. मग स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. "तू लिखस ना? मंग लिख. झोका बांधेल शे. दोन्ही जन या."

आखाजीला वैशाली आली. मायलेकी आधी दारातच रडल्या, मग ब्लाउज सैल झाला म्हणून भांडल्या. जावई बिचारा खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेला. अक्कांनी एक मोठं डाळिंब फोडलं, सगळे दाणे सोलून वाटीत भरले आणि वाटी त्याच्या हातात दिली. त्याने संकोचाने चार दाणे उचलून तोंडात टाकले आणि वाटी खाली ठेवू लागला.

राणीने मला जोरात चिमटा काढला.

"चार नही, जवाईबापू," अक्का म्हणाल्या. "वाटीभर बठ्ठं खा."